दाराआडचा गाऊन

बाबांची ज्युनिअर यायच्या आत मी दाराआडच्या खुंटीवरून त्यांचा काळा गाऊन काढला, पिशवीत कोंबला आणि वर माझा स्वेटर टाकला. आई सकाळीच म्हणाली होती, "तो तिला देऊन टाक. तिच्या तरी उपयोगी पडेल."

बाबा फौजदारी वकील होते. दिवसभर या ऑफिसात तिच्याशी बोलायचे. घरी पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज संपलेला असायचा. आता ते गेल्यावर निदान गाऊन तरी मला हवा होता.

ती आली, खुर्चीत बसली, चष्मा काढून पुसला. आधी डावी काच, बाबांसारखीच. माझं डोकं फिरलं.

"उद्या आपल्या केसमध्ये शेवटचा युक्तिवाद आहे," ती म्हणाली.

"आपल्या?"

"म्हणजे सरांच्या. आरोपी गोदामाबाहेर कुलूप कापायची कानस घेऊन सापडला. सरकारी वकील म्हणतात, चोरीचा प्रयत्न. सर म्हणायचे, नुसती तयारी. तयारीला सहसा शिक्षा नसते, प्रयत्नाला असते."

"समजावशील की कोर्टाला. चांगलं घडवलंय तुला."

"तुमच्यावरच घडवलंय, ताई. सगळी उदाहरणं तुमची. कन्या साखरेच्या डब्यासाठी स्टूल ओढते, ती तयारी. झाकण उघडताना आई येते, तो प्रयत्न. साखर डब्यातून उचलली की चोरी पूर्ण, खाल्ली नाही तरी. भूक लागली होती हा झाला हेतू, म्हणजे मागचं कारण; पण त्याने साखर घ्यायचा उद्देश पुसला जात नाही." ती हसली. "एकदा वैतागून म्हटलं, सर, डबे माझ्याही घरी होते. तर म्हणाले, तुझे मी पाहिले नाहीत."

ते स्टूल मला आठवत होतं. बाबांनी तेव्हा फाईलमधून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि सांगितलं होतं हिला.

तिची नजर रिकाम्या खुंटीवर गेली, मग माझ्या पिशवीवर. स्वेटरखालून काळी बाही लोंबत होती. मी गप्प राहिले. आरोपीने काय करावं, एवढं मलाही ठाऊक होतं.

"वस्तू जागेवरून हलली आहे," ती हळूच म्हणाली. "पण अप्रामाणिक उद्देश कुठे आहे? वडिलांचं ते आपलंच, असं समजून नेली. ही चोरी होत नाही."

बाबा माझ्या बाजूने असे कधी उभे राहिले नव्हते. आज राहिले, तेही हिच्या तोंडून.

"उद्यासाठी हवा होता का?"

"मागणार होते. आता नको. माझा स्वतःचा आहे की."

मी गाऊन बाहेर काढला. "जामिनावर सोडते. उद्या संध्याकाळी हजर करायचा."

"जामीनदार कोण?"

"मी. कोर्टात मागच्या बाकावर बसणार आहे."

तिने तो तिथेच अंगात घातला. बाह्या लांब होतील असं वाटलं होतं. खरं तर तशी आशाच होती. खांद्यांवर तो नीट बसला. मी पुढे होऊन मानेमागची घडी सरळ केली. ती सरळच होती.