निरोप संपल्याची खूण

दादाकडून अँब्युलन्सची चावी काढून घेतली ती फोनवर बोलता बोलता. डेपोच्या मॅनेजरने नुसता तळहात पुढे केला, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दादाने चावी ठेवली, मूठ मिटली, संपलं. इतकी वर्षं लोकांना मरणाच्या दारातून ओढून आणणारा माणूस चौकशी होईपर्यंत घरी बसला. त्याची गाडी आवारात भिंतीकडेला लावली आणि तिला कुणी हात लावायचा नाही, ती पुरावा आहे, असा हुकूम निघाला. पुराव्याची एवढी काळजी घेणाऱ्यांपैकी एकानेही त्या गाडीत डोकावून बघितलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आरोप असा होता. एका निवृत्त शिक्षिकेच्या छातीत दुखायला लागलं. घरच्यांनी फोन केला. नियंत्रण कक्षातल्या मुलीने सगळी हकिकत टाइप करून दादाच्या गाडीतल्या स्क्रीनवर पाठवली. मुख्य फाटकाने येऊ नका असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दादा नेमका मुख्य फाटकाकडून गेला. तिथे रस्ता खणलेला, आणि मागून खडीचा ट्रक येऊन उभा राहिला. गाडी ना पुढे ना मागे. दादा आणि मागे बसलेली नर्स स्ट्रेचर घेऊन खड्ड्यांतून धावले. पोचले तोवर बाईंचे हात गार पडले होते.

मग काय, खापर फोडायला डोकं लागतं आणि ड्रायव्हरचं डोकं सगळ्यांत सोयीचं असतं. ही माणसं वाचत नाहीत हो, असं म्हणून सगळे मोकळे झाले. दादा रात्री झोपायच्या आधी पुस्तक वाचतो, वर्तमानपत्र तर शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत, पण हे कुणाला विचारायचंय?

घरी वहिनीने चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही आणि पाचव्या दिवशी सगळे एकदम काढले. ते पडले दादाच्या धाकट्या बहिणीवर. या बहिणीला घरात, गल्लीत आणि आता ऑफिसातही धाकटीच म्हणतात. ती ज्या कंपनीत प्रोग्राम लिहिते, त्याच कंपनीने अँब्युलन्सची ही निरोप पाठवायची यंत्रणा बनवलीय. धाकटीचं काम नकाशांचं. निरोपांचं काम दुसऱ्यांकडे. पण वहिनीला या वाटण्यांशी काय देणंघेणं?

"तुमचंच यंत्र आणि आमचाच माणूस," वहिनी भांडी आपटत म्हणाली. "त्याने वाचलं नाही म्हणतात. हा औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मोठ्याने वाचून दाखवतो मला."

दादा खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होता. कामावर जायचं नव्हतं तरी. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने त्याला डेपोत कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला. स्क्रीनवर शेवटचे शब्द काय होते?

"'येताना मुख्य फाटका'," दादा म्हणाला.

"फाटकाने?"

"नाही. 'फाटका'. आणि त्याच्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. मला वाटलं डाग पडलाय. बाहीने पुसला. गेला नाही."

"हे सांगितलंस तू त्यांना?"

"सांगितलं. हसले."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथेच. कारण प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला ती काळी चौकट ओळखीची असते. एखादं अक्षर मधोमध तुटलं आणि यंत्राला त्याचा अर्थ लागेना की यंत्र ती चौकट काढतं. म्हणजे दादाच्या स्क्रीनवर निरोप संपला नव्हता. तो अक्षराच्या पोटातून चिरला गेला होता.

आता हे निरोपांचं प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं. अवघड नाही. अवघड आहे असं सांगणाऱ्यांची पोटं त्यावर भरतात.

एका यंत्राने दुसऱ्याशी बोलायचं तर दोघांनी आपापल्या भिंतीत एक खिडकी उघडायची. तिला सॉकेट म्हणतात. पूर्वी या खिडकीतून शब्द नळाच्या पाण्यासारखे यायचे. एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते पाण्याला काय कळणार? ते घेणाऱ्याने मोजून मापून वेगळं करायचं. त्यात घोळ व्हायचे. म्हणून कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञाने नवी पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक निरोप आपापल्या पाकिटात येतो. दोन निरोप एकमेकांत मिसळत नाहीत. पद्धत चांगलीच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत.

या तंत्रज्ञाला ऑफिसात सगळे शंभर टक्के म्हणायचे, कारण काहीही विचारलं तरी उत्तर तेच. होईल का? शंभर टक्के. चालेल का? शंभर टक्के. नवी पद्धत आल्यावर त्याने सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवून भाषण ठोकलं, की आता निरोप तुटायचा प्रश्नच मिटला, जोडाजोडीचा जुना प्रोग्राम मी स्वतःच्या हाताने काढून टाकलाय. टाळ्या झाल्या. धाकटीनेही वाजवल्या असतील, सगळ्यांनीच वाजवल्या.

दादाशी बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने शंभर टक्केने नव्या पद्धतीसाठी लिहिलेला प्रोग्राम उघडला. पाकीट आलं की त्यातला मजकूर ओतून घ्यायला खिडकीखाली एक भांडं धरावं लागतं. त्या भांड्यात अक्षरं ठेवायला हजारेक घरं होती. निरोप त्याहून मोठा असला तर भांडं भरतं आणि उरलेला मजकूर खिडकीतच थांबतो, पुन्हा भांडं धरलं की येतो. आणि फसगत होऊ नये म्हणून यंत्र दर वेळी एक खूण देतं, निरोप संपला की नाही संपला. एवढी खूण बघायची. संपला नसेल तर पुन्हा भांडं धरायचं, दोन्ही तुकडे जोडायचे. रांगतं पोरसुद्धा ताटात अजून आहे का ते बघतं. या माणसाने खूण बघितलीच नव्हती. पहिलं भांडं भरलं की तोच निरोप. आणि मागून आलेला तुकडा? त्याला डोकं नाही, पत्ता नाही, म्हणून अनोळखी समजून फेकून द्यायचा. एक अक्षरही न बोलता.

बरं, मग चाचण्यांत कसं सापडलं नाही? कारण ऑफिसात सगळे चाचण्या इंग्रजीत करत. कीबोर्ड बदलायचा कंटाळा. इंग्रजी अक्षराला भांड्यात एक घर पुरतं, आपल्या लिपीतल्या अक्षराला तीन लागतात. इंग्रजीत आरामात मावणारा निरोप आपल्या भाषेत भांड्याबाहेर सांडतो. आणि छाती धरून पडलेल्या बाईच्या घरचे इंग्रजीत फोन करत नाहीत.

धाकटीने चाचणीच्या यंत्रावर तेवढाच लांब मजकूर आपल्या भाषेत टाकून बघितला. तुटला. शेवटी काळी चौकट, तिच्यात प्रश्नचिन्ह.

ती शंभर टक्केच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. त्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. ती एक वाक्य सुरू करायची, तो अर्ध्यात उचलायचा. ही पद्धत निरोप तोडत नाही, त्याने तिला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. आणि समोरच्या यंत्राकडून पोच आलेली आहे, बघ.

"पोच खिडकीने दिलीय," धाकटी म्हणाली. "खिडकीपर्यंत सगळं आलं. आत आपण अर्धं घेतलं आणि अर्धं टाकून दिलं. पद्धत तोडत नाही, सर. आपण तोडतो."

मग मात्र त्याने स्क्रीनकडे बघितलं. तो मूर्ख नव्हता, म्हणून जास्त राग येतो. त्याला समजलं, आणि समजल्यावर त्याने दार लावून घेतलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. हे पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करून टाकू म्हणाला. बोभाटा झाला तर कंत्राट जाईल, तुझ्यासकट सगळ्यांची पोरंबाळं उपाशी मरतील. आणि भावाचं म्हणशील तर त्याला कंपनीच्या गाडीवर लावून घेऊ. साहेबांना आणायचं, सोडायचं. ऊन नाही, रक्त नाही.

"त्याने आजवर माणसं पोचवलीत," धाकटी म्हणाली. "तुम्हाला एक निरोप पोचवता आला नाही. आणि तो तुमची गाडी चालवणार?"

"भाऊ आहे म्हणून ओरडतेस तू."

"हो. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी नकाशे काढत बसले असते. त्याचीच तर लाज वाटतेय."

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या अँब्युलन्सना नवीन अपडेट गेलं. चाचणीच्या यंत्रावरचा जुना प्रोग्रामही पुसला. पुढचं अपडेट असं शंभर टक्के म्हणाला होता, ते इतक्या तातडीचं असेल असं धाकटीला वाटलं नव्हतं. आता कुणाच्याही गाडीत बघा, निरोप अख्खा. ड्रायव्हर खोटं बोलतो, झालं. ती घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि वहिनीला म्हणाली, संपलं, सगळीकडचं बदललं त्यांनी.

वहिनी कणीक मळत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "बंद गाडीतलंसुद्धा बदलतं?"

"नाही. अपडेट पाठवतात त्या वेळी गाडी सुरू असावी लागते."

"मग ह्याच्या गाडीला तर कुणी हात लावायचा नाही ना?"

धाकटी उठली आणि तिने पिठाच्या हातांसकट वहिनीला मिठी मारली.

चौकशी डेपोच्या वरच्या खोलीत होती. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मध्यभागी एक निवृत्त डॉक्टरीणबाई, शेजारी डेपोचा मॅनेजर, समोर शंभर टक्के आपला लॅपटॉप उघडून. दादाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती. तो धाकटीला घेऊन आला. तिला बघून शंभर टक्केने लॅपटॉपचं झाकण उगाचच थोडं खाली केलं.

त्याने रंगीत चित्रं दाखवून सांगितलं की निरोप पूर्ण गेला, पूर्ण पोचला, पोच आली. डॉक्टरीणबाईंनी दादाकडे बघितलं. दादा पुन्हा एकदा म्हणाला की त्याने स्क्रीनवर होतं ते वाचलं, आणि शेवटी काळी चौकट होती. मॅनेजर पुन्हा हसला.

धाकटीने भाषण केलं नाही. तिने एवढीच विनंती केली, की गाडी खाली उभी आहे, चावी मॅनेजरसाहेबांकडे आहे, तर नियंत्रण कक्षातून तोच निरोप त्याच गाडीवर पुन्हा पाठवावा.

शंभर टक्के उठून उभा राहिला. त्याची गरज नाही म्हणाला. ती गाडी पुरावा आहे, तिला हात लावू नये.

"पुरावा असतो तो बघायलाच, ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चपला सरकवत जिना उतरायला लागल्या.

गाडीवर धूळ साचली होती. बॅटरी उतरलेली, शेजारच्या गाडीवरून तारा जोडून ती सुरू करावी लागली. डॉक्टरीणबाई स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसल्या, बाकीचे दाराशी. कक्षातल्या मुलीने निरोप पाठवला. स्क्रीन उजळली. बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पेशंटचं नाव, वय, जुने आजार, औषधांची लांबलचक जंत्री, कितवा मजला, लिफ्ट बंद. मग, "येताना मुख्य फाटका".

त्या थांबल्या. पर्समधून रुमाल काढला आणि स्क्रीनचा कोपरा पुसला. गेलं नाही. रुमाल बोटाला गुंडाळून पुन्हा पुसला.

मॅनेजर हसला नाही.

"हे जुनं आहे," शंभर टक्के पटकन म्हणाला. "काल सगळ्या गाड्यांवर नवीन घातलंय."

"का?"

"सुधारणा आहे."

"काही बिघडलंच नव्हतं तर सुधारलंत काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आणि चौकशीच्या आदल्या दिवशी?"

बाईंनी शंभर टक्केला तिथेच सांगितलं की त्यांच्या अहवालात ड्रायव्हरचं नाव दोषी म्हणून असणार नाही, आणि कुणाचं असेल ते त्याने घरी जाऊन ओळखावं. मॅनेजरने चावी दादापुढे धरली. या वेळी त्याला नजर वर करावी लागली, कारण दादाने हात पुढे केला नव्हता.

"कक्षाकडे पूर्ण निरोप आहे ना?" दादाने विचारलं. "मला कुणी तो दाखवला नाही. फक्त मी चुकलो एवढं सांगितलं. उरलेला वाचा."

डॉक्टरीणबाईंनी आपल्या फाइलमधला कागद काढला. जिथे स्क्रीन थांबली होती तिथून वाचलं, "मुख्य फाटकाने येऊ नका, रस्ता खणला आहे. मागच्या गल्लीतून या. सून लाल छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी आहे."

कागद खाली आला.

"किती वेळ उभी होती ती?" दादाने शंभर टक्केला विचारलं.

दादाने चावी घेतली, खिशात टाकली आणि गाडीची काच पुसायला फडकं शोधायला लागला. धाकटी तिथेच उभी होती, त्या माणसासमोर. त्याने उत्तर दिल्याशिवाय ती हलणार नव्हती.