गोल बुडाची लाल बादली

मित्रांनो, मला कुणी चोरू शकत नाही. माझं बूडच गोल आहे. जमिनीवर ठेवलं की मी लवंडते, म्हणून पाणी भरायला नाही की धुणं भिजवायला नाही, मला कुणीच नेत नाही. मी आगीपुरती बादली. त्र्याऐंशी साली बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मला वाळू भरून खुंटीला टांगलं, तेव्हा मी अशी ऐटीत होते.

चौथ्या दिवशी भिका वॉचमनने चुंबळ आणली.

डोक्यावर हंडा नीट बसावा म्हणून बाया कापड गुंडाळून ठेवतात, तीच ही. तिच्यावर मी अशी ठाण मांडून बसले की माझी मलाच लाज वाटली. भिकाने माझी वाळू कढईत तापवून तीत शेंगा भाजल्या, आणि गरम शेंगा माझ्यातच भरून शेडभर वाटल्या. तेव्हापासून जवळ येणाऱ्या प्रत्येकाचे हात मी आधी बघते.

वाळू सांडत, उडत संपली. मग तपासणी येणार असं कळलं. सुपरवायझर कृष्णकांतने मला गळ्यापर्यंत लाकडाचा भुसा भरला आणि वर दोन बोटं वाळू पसरली. तपासायला आलेले साहेब दारातूनच "छान" म्हणाले आणि गेले. आयुष्यातली पहिली शाबासकी, तीही खोटी.

माझ्याइतकीच संशयी आणखी एकच होती, जवळच्या पाम गावाहून चालत येणारी ठकी. ती माझ्या खाली बसून पोती शिवायची. पाठीला रंग पातळ करायच्या, ठिणगीनेही भडकणाऱ्या थिनरची पिंपं, आणि दार पार समोरच्या टोकाला, तेही एकच. दाराकडे आग लागली तर तिला बाहेर पडायला वाट नव्हती. एकदा तिने माझ्यात बोट खुपसलं आणि कृष्णकांतला हाक मारली.

"साहेब, ह्यात भुसा हाय."

"वर वाळू आहे ना? तपासणीवाले वरूनच बघतात."

"आग बी वरूनच बगंल का?"

कृष्णकांत पाठ फिरवून निघून गेला. ठकीने मात्र समुद्रावरून घमेलंभर वाळू डोक्यावर आणली, उन्हात वाळवली आणि भुसा ओतून देऊन मला भरलं. खरी वाळू बघून कृष्णकांतलाच चोरीची धास्ती बसली. त्याने मला साखळीने खुंटीला बांधून कुलूप घातलं.

वैशाखातल्या एका दुपारी दाराजवळच्या चिंध्यांनी पेट घेतला. विडीचं थोटूक होतं. भिका म्हणतो त्याचं नव्हतं. मला तो खरा वाटत नाही. ठकीने मला ओढलं. साखळी ताणली, मी हलले नाही. किल्ली कृष्णकांतच्या खिशात, आणि कृष्णकांत पालघरला. मग ठकी पदर खोचून माझ्यातली वाळू ओच्यात भरायची, धावत जाऊन ओतायची, परत यायची. सहाव्या खेपेला आग विझली. तिच्या हातावर फोड आले. तोवर आग पसरत पिंपांपासून दोन हातांवर आली होती.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, थेटरात अशी लाल बादली दिसली, तर तिचं रंगरूप बघून खूश होऊ नका. बोट खुपसून बघा. उचलून बघा. कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं, तर पुन्हा एकदा उचला.

कृष्णकांतही धडा शिकला. किल्ली बादलीजवळच हवी, असं त्याने सगळ्यांना बजावलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला नवं झाकण आणि नवं कुलूप आणलं. किल्ली हरवू नये म्हणून ती माझ्या वाळूत पुरली. मग झाकण लावलं आणि कुलूप घातलं.