भिंगरीचे बिल्ले

आमच्या भिंगरीने अख्ख्या गल्लीला शिस्त लावली आणि तिची झळ बसली ती तिच्या आईला. आता बोल तरी कुणाला लावू? नियम तिचा, डोकं तिचं, आणि ते डोकं पोटात वाढवलं मी.

मी सोफे-खुर्च्या दुरुस्त करते. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, स्प्रिंगा बसवायच्या, फोम घालून वर कापड ताणून ठोकायचं. गल्लीच्या टोकाला मोटारगाड्यांची एक जुनी शेड पडून होती, तिचं आम्ही सगळ्यांनी मिळून हत्यारघर केलं. शिडी, ड्रिल, करवती, वेल्डिंगचं मशीन, आणि माझं जाड कापड शिवायचं मशीनसुद्धा तिथेच. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. ऐकायला किती गोड! न्यायला सगळे, आणि झाडायला मी आणि गल्लीतले वेल्डरभाऊ. एका ठेकेदाराने तर वर्गणी मोठी दिली म्हणून ड्रिल कायमचं स्वतःच्या साइटवर नेऊन ठेवलं. मागायला गेले तर वर मलाच विचारतो, "काकू, तुमची वर्गणी किती हो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन जी तोंडाची टकळी सुरू केली ती थांबेना. भिंगरी, म्हणजे माझी लेक, समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. ती ब्लॉकचेनचं काम करायची. ते काय असतं हे तिने मला भाजी चिरता चिरता समजावलं होतं: हिशेबाची वही कुणा एकाच्या कपाटात नसते, सगळ्यांकडे सारखीच असते. एकाने गुपचूप खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या वह्या त्याला खोटं पाडतात.

"आई, वर्गणी बंद करू," ती म्हणाली. "बिल्ले काढू. फोनवरचे."

"म्हणजे पैसेच की."

"पैसे नाहीत गं. शेडचं काम केलं तरच मिळणार. केर काढ, करवतीला धार लाव, गळका पत्रा बदल. बघणाऱ्या दोघांनी आपापल्या फोनवर 'हो, हिने केलं' असं म्हटलं की बिल्ला तुझ्या नावावर. ज्याच्याकडे बिल्ले तो सभासद. त्याने सामान न्यावं, नियमांवर मत द्यावं."

"बरं. मग माझे जास्त झाले की तुला देईन."

"नाही देता येणार. विकता नाही येणार, देता नाही येणार. आणि नुसते ठेवून दिलेस तर हळूहळू विरघळून जातील."

"विरघळतील? घाम गाळून मिळवलेले?"

"हो! नाहीतर पुन्हा तुझा ठेकेदार आहेच. एकदाच ढीग करून ठेवेल आणि जन्मभर मालकी गाजवेल."

"अगं पण आईने लेकीला द्यायला काय हरकत आहे?"

"वशिला तिथूनच सुरू होतो," असं म्हणून ती खो खो हसली. आणि पुढे म्हणाली, की नियम बदलायचा तर सगळ्या सभासदांचं 'हो' लागेल, एकाचंही 'नाही' आलं तर नियम आहे तसा राहील. मी म्हटलं, कर बाई तुझं काय ते.

आणि चाललं हो ते! इस्त्रीचा शर्ट घालून ठेकेदार हातात झाडू घेऊन उभा राहिला, ते बघायला मी मुद्दाम खुर्ची टाकून बसले. दाराशी भिंगरीने एक पडदा लावला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे हिरवी पट्टी. बिल्ले जास्त तर पट्टी लांब. सगळ्यात लांब तिची. सगळं उभं करण्यात मर मर मरली होती पोरगी.

मग तिला लांबची नोकरी लागली. "थोडे दिवस, आई," म्हणाली. मीही शहाणी, विश्वास ठेवला.

पहिल्या पहिल्यांदा रोज फोन यायचा. मग "आई, मीटिंगमध्ये आहे, करते नंतर." नंतर म्हणजे कधी, ते तिलाच ठाऊक. घरात तिची खुर्ची आहे, मांडी घालून बसायची सवय म्हणून मी मुद्दाम रुंद बनवलेली. एका गिऱ्हाइकाला ती फार आवडली, विकता का म्हणाला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा मोजमाप न देताच गेला. खरं सांगते, मला तिची इतकी आठवण यायची की कापड ताणता ताणता हात थांबायचे. तिचा आवाज नको, फोटो नको, ती हवी होती. दारातून चपला भिरकावत आत येणारी.

आणि इकडे शेडच्या दाराशी तिची पट्टी आखडत चालली. काम नाही, नवे बिल्ले नाहीत, जुने विरघळतायत. रोज सकाळी कुलूप उघडायच्या आधी मी तिच्या नावाकडे बघायचे. पट्टी संपली की नाव जाणार, हे मला माहीत होतं. माझ्या डोक्याने घेतलं, की ते नाव तिथे आहे तोवर पोरगी आमची आहे, तिला परत यायला जागा आहे. हसा खुशाल.

मी दुप्पट राबायला लागले. एकदा सगळी शिडी घासून रंगवली आणि वेल्डरभाऊंना म्हटलं, "फोनवर म्हणा, भिंगरीने केलं."

त्यांनी ओल्या रंगाला बोट लावून बघितलं. "काकू, जे डोळ्यांनी बघितलं तेच म्हणायचं ना? मी तुम्हाला बघितलं."

"तुम्हाला ती आपली वाटत नाही का?"

"वाटते हो. म्हणूनच तिचा नियम मोडवत नाही."

म्हटलं, ठीक आहे, मोडायचा नाही तर बदलू. शेजारच्या शाळेतल्या बाईंना गाठलं. त्यांनी फोनवर नीट शब्दांत प्रस्ताव मांडला: सभासदाने आपले बिल्ले आपल्या मुलांना द्यायला हरकत नसावी. मी दारोदार फिरले. कुणी नाही म्हणेना. माझं तोंड बघूनच म्हणत नसतील. सगळ्यात आधी 'हो' दिलं ठेकेदाराने. त्याला दोन पोरं, दोघंही झाडूला हात न लावणारी. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण कुठलं काय! मी त्याला चहा पाजला.

रविवारी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. पडद्यावर एकेका नावापुढे 'हो' उमटत होतं. मी, वेल्डरभाऊ, बाई, पुढचे, मागचे, सगळे झाले. एकच नाव राहिलं. भिंगरीची पट्टी नखाएवढी उरली होती, पण होती. म्हणजे ती अजून सभासद, म्हणजे तिचं मतही लागणारच. कुणालाच काळजी नव्हती. "हे तर घरचंच मत," बाई म्हणाल्या. मी तर तिला आधी विचारलंसुद्धा नव्हतं. लेकीचं नाव राखायचं तर लेकीला काय विचारायचं?

पडदा हलला. तिच्या नावापुढे 'नाही' आलं.

बाईंनी उगाच चष्मा पुसला. वेल्डरभाऊ मशीनची वायर गुंडाळू लागले, जी आधीच गुंडाळलेली होती. ठेकेदार म्हणाला, "चुकून दाबलं असेल." मी उठले, घरी आले, आणि फोन लावला. या खेपेला तिने लगेच उचलला.

"तुला लाज वाटते का गं?" मी सुरुवातच तशी केली. "सगळी गल्ली तुझ्यासाठी हो म्हणाली. तू कोण लागून गेलीस?"

"आई, तू तुझे बिल्ले दिलेस म्हणून मी तिथली होईन का?"

"मग ये ना! ये आणि कर काम. कुणी अडवलंय?"

ती गप्प बसली. लहानपणी काही फोडलं की अशीच गप्प व्हायची आणि मी तेवढ्यावरून ओळखायचे.

"येणार नाहीयेस," मी म्हटलं.

"नाही, आई. भेटायला येईन. राहायला नाही." मग रडत म्हणाली, "महिनाभर सांगायचं ठरवतेय. जमतच नव्हतं. आज तो प्रस्ताव बघितला आणि वाटलं, आता हो म्हटलं तर तू त्या पट्टीकडे बघत बसशील. वर्षानुवर्षं."

मी खुर्चीत बसले. तिच्याच.

"तिथे तुला आहे कोण?" मी विचारलं.

"आहेत गं. इथेही एक शेड सुरू केली आहे आम्ही, तशीच. काल मी झाडून काढली. दोघांनी 'हो, हिने केलं' म्हटलं. इथला माझा पहिला बिल्ला."

"कोण ते दोघं?"

"एक सायकल दुरुस्त करणारा आहे. आणि एक म्हातारी आहे समोरच्या घरातली. सारखी रागावते मला. जेवलीस का विचारते, आणि नाही म्हटलं की ओरडते."

मला त्या म्हातारीचा असा राग आला, की समोर असती तर काय बोलले असते देव जाणे. माझ्या लेकीवर ओरडणारी ही कोण? मी डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"तिला सांग," मी म्हटलं, "धुळीने हिला खोकला होतो. झाडताना नाकाला फडकं बांधायला लावा म्हणावं. तू स्वतःहून बांधणार नाहीस, मला माहितेय. तिलाच सांग."