रिकाम्या गादीचं तापमान

"काका, मी या गादीवर तासभर झोपून बघितलं तर चालेल का?"

विचारलं एकदाचं! तिच्या वर्गातल्या दोन जिवलग मैत्रिणींनी, लांबडीने आणि मिरचीने, शुक्रवारी मधल्या सुट्टीत पैजच लावली होती, की गादीच्या दुकानात असलं काही विचारायची हिची छाती होणार नाही. गेल्या वर्षी ती पैज त्यांनी आरामात जिंकली असती. तेव्हा ही बाईसाहेब दुकानात आईच्या पाठीमागे लपायची आणि साधं पेनही आईकरवी मागायची. पण या वर्षी ती शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर झाली होती. गोलमध्ये उभं राहून पुढच्या पोरींवर ओरडता ओरडता तिला शोध लागला होता, की आपल्याला आवाज आहे आणि तो चांगला दणदणीत आहे!

गळ्यात टाय आणि हातात कॅटलॉग घेतलेला विक्रेता तिच्याकडे बघतच राहिला.

"तासभर? लोक दोन मिनिटं बसून बघतात. आणि काका काय? दादा म्हण."

"बसायला घरी खुर्ची आहे, दादा. गादी झोपायला हवीये."

"अगं हळू," आई दबक्या आवाजात म्हणाली. "चार लोक बघतायत."

"बघू देत की!"

विक्रेता मालकाला विचारायला आत गेला.

पैजेची गंमत सोडा, पण ती खरंच रडकुंडीला आली होती. दोन महिने तिला धड झोप नव्हती. घरची जाडजूड फोमची गादी पडल्या पडल्या छान गार लागायची आणि अर्ध्या तासात तव्यासारखी तापायची. पाठ घामाने चिंब. कूस बदलावी तर थोड्या वेळाने तीही बाजू शिजलेली. पंखा वरून वारा घालणार, पाठीखाली कुठला वारा? मंगळवारच्या सरावात चेंडू तिच्या दोन पायांमधून आरामात गोलमध्ये गेला, तेव्हा ती जांभई देत होती. सर ओरडले नाहीत, हे जास्त वाईट. ते शांतपणे म्हणाले, "डोळे उघडे ठेवून झोपणारी गोलकीपर मला नको. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या सामन्यापर्यंत ताळ्यावर ये, नाहीतर दुसरी उभी राहील." ती दुसरी म्हणजे सातवीतली चिमुरडी. तिने तर लगेच हिचे हातमोजे घालूनसुद्धा बघितले होते!

म्हणजे गादी आजच ठरायला हवी होती. पण ठरणार कशी? मध्ये बाबा होते.

बाबा वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करत होते. त्यामुळे थंडपणा या विषयावर घरात दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही, असा कायदाच होता. घरची ती तापणारी गादीही त्यांनीच निवडली होती, चांगली मोजूनमापून. त्यांच्या खिशात कायम एक थर्मामीटर असायचा, लांब वायरचा, वायरच्या टोकाला बोटभर धातूची कांडी. हा तिसरा रविवार आणि हे तिसरं दुकान, आणि तिन्ही दुकानांत बाबांचं तेच. गादीवर कांडी टेकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, पुढची गादी.

"ही तेवीस. हीपण तेवीस. अरे वा, ही बावीस पॉइंट चार! जेलवाली. ठरलं."

विक्रेता परत आला तो हे ऐकतच. "साहेब पारखी आहेत! जेल फोम आहे. हात लावून बघा, गारेगार."

"एसी एवढा चालू आहे की माझं नाकपण गारेगार लागतंय," ती म्हणाली.

कोणी ऐकलंच नाही. बाबा मोजत होते, विक्रेता बोलत होता, आई गादीत मुठी रुतवत होती. "मऊ आहे हो. कमरेला बरं वाटेल."

"कोणाच्या कमरेला, आई? झोपणार मी आहे ना?"

तेही कोणी ऐकलं नाही. जिच्या पाठीसाठी तीन रविवार पायपीट चालली होती, तिच्या पाठीला सोडून सगळ्यांना सगळं कळत होतं! तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिने बूट भिरकावले आणि सरळ जेलवाल्या गादीवर आडवी झाली.

"मालक हो म्हणालेत, झोप," विक्रेता हताशपणे म्हणाला.

"बाबा, कांडी द्या."

"अगं, वायर तुटेल!"

"द्या हो."

तिने कांडी पाठीखाली सरकवली आणि आढ्याकडे बघत पडून राहिली. पाच मिनिटांनी बाबांनी आकडा वाचला, सव्वीस. दहा मिनिटांनी एकतीस. वीस मिनिटांनी चौतीस पॉइंट सहा, आणि एसीतही तिच्या टी-शर्टवर घामाचा नकाशा उमटला.

"हे चूक आहे," बाबा म्हणाले. "तू अंगाखाली घेतलीस कांडी. गादी अशी नाही मोजत."

"मग कशी मोजतात?"

"रिकामी मोजतात!"

ती ताडकन उठून बसली. "बाबा, परवा फोनवर तुम्ही कोणावर खेकसत होतात? रिकामा फ्रिज थंड असून काय उपयोग, उकळतं पातेलं आत ठेवल्यावर काय होतं ते बघा, असं?"

"हो, मग? बरोबरच आहे ते."

"मग मी उकळतं पातेलं आहे!"

आईला हसू फुटलं. विक्रेत्याने कॅटलॉग तोंडापुढे धरला.

"आणि फ्रिजच्या भिंतीत काय भरलेलं असतं?"

"फोम."

"कशासाठी?"

"उष्णता इकडची तिकडे जाऊ नये म्ह..." बाबा थांबले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "तो फोम वेगळा असतो. कडक असतो."

"पण फोमच ना!"

बाबा वायरचा गुंता सोडवायला लागले. चुकलो असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

कोपऱ्यात एक गादी उभी करून ठेवली होती. बारीकशी, सुती कापडाची, त्यावर चॉकलेटी रंगाची भयाण फुलं. "ती हॉस्टेलवाले नेतात," विक्रेता नाक मुरडून म्हणाला. "आत नुसत्या स्प्रिंगा, बाकी सगळी पोकळी."

"पोकळी म्हणजे हवा. पाडा ती खाली."

पाठीखाली कांडी घेऊन ती आडवी झाली, तशी गादी करकरली. कडकही होती, अगदी बाकावर झोपल्यासारखी. मधेच कोणाचा तरी पोरगा येऊन तिच्या पायांशी उड्या मारून गेला. आई घड्याळ बघत होती. पण वीस मिनिटं झाली, आकडा एकतीसवर आला आणि तिथेच अडला. पाठ कोरडी! शेवटची काही मिनिटं तर तिने काही ऐकलंच नाही, कारण तिचा चक्क डोळा लागला होता.

जाग आली ती बाबांच्या आवाजाने. "...पण जेलवाली बावीस पॉइंट चारपासून सुरू झाली होती. तिची सुरुवात चांगली आहे."

"बाबा, मी काय सुरुवातीपुरती झोपते का?"

"चिडू नकोस. मोठी वस्तू आहे, घाई कशाला? पुढच्या रविवारी पुलापलीकडचं दुकान बघू. मग शांतपणे ठरवू."

पुढचा रविवार! शनिवारी सामना, आणि हे रविवारी शांतपणे ठरवणार! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आई म्हणाली, "बाबा म्हणतायत तर बघून घेऊ गं आणखी एक," आणि पर्स खांद्याला लावून दाराकडे वळलीसुद्धा.

तिने डोळे पुसले, गादीवरच उभी राहिली आणि गोलमधला आवाज काढला. दुकानातली सगळी माणसं वळली.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मला हीच गादी हवी आणि आजच हवी. करकरते, कडक आहे, फुलं भयंकर आहेत, सगळं मान्य. घेणार नसाल तर मी जमिनीवर चटई टाकून झोपेन, पण त्या फोमला आजपासून पाठ लावणार नाही. आणि आता चौथ्या दुकानात तुम्ही दोघं जा, मी येणार नाही!"