बिनआवाजाचं चाक

“हब बदलावंच लागेल,” मावशी म्हणाल्या. “गिअर काढणं काय, पोरखेळ. खरी गोम मागच्या चाकात आहे.”

मी शाळेत होते तेव्हापासून बाबा सायकल दुरुस्तीला याच दुकानात आणत, म्हणून दुकान चालवणाऱ्या बाई माझ्या मावशी. बाबांची जुनी रेसची सायकल त्यांनी स्टँडवर चढवली होती. बोलता बोलता त्यांनी मागच्या चाकाला सहज एक झटका दिला. चाक फिरलं आणि त्याच्या मधल्या तुंब्यातून, हबमधून, तो आवाज आला. टिक टिक टिक. मी हात घालून चाक थांबवलं.

“अगं, बोट जायचं तारांत!”

“फिरवू नका, मावशी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात फडक्याला पुसले.

हा आवाज फ्रीव्हीलचा. पाय थांबले तरी चाक पळू शकतं ते त्याच्यामुळे, आणि तसं पळताना ते टिकटिकतं. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. संध्याकाळी घराकडे वळताना गल्लीच्या तोंडाशी उतार लागतो, तिथे ते पेडल मारायचं थांबवत. “एवढं अंतर फुकटचं,” म्हणत. आवाज आधी भरभर यायचा, मग सावकाश होत होत स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबायचा. तो थांबायच्या आत आईने चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

बाबा थंडीत गेले. आईला ते लक्षात राहत नाही. तिला बरंच काही राहत नाही, पण तो आवाज राहिला आहे. मी कामावर त्यांचीच सायकल नेऊ लागले आणि पहिल्याच संध्याकाळी आत आले तर ओट्यावर दोन कप मांडलेले.

“हे आले ना? आवाज आला.”

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. आयुष्यभर ‘हे’. मी तिला सांगितलं. तिने जणू पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या दृष्टीने पहिल्यांदाच होतं ते. ती रडली, तिने दुसरा कप उचलून जागेवर ठेवला, जेवली, झोपली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दोन कप.

मी गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकल खांद्यावर घेऊन यायला लागले. उशीर झालेला असला, पिशव्या असल्या की जमेना, आणि एखाद्या दिवशी मीच विसरे. मावशींकडून फ्रीव्हीलमध्ये जाड ग्रीस भरून घेतलं. ते उन्हाळा लागेपर्यंत गप्प बसलं, मग पातळ होऊन आवाज परत आला. सायकल विकून टाक, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. ते माझ्याने होणार नव्हतं. तेव्हा उरलं हे: सायकल फिक्स करून घ्यायची. चेनची मागची चक्री चाकाला पक्की. चाक फिरतंय तोवर पायही फिरणार. उतारावरसुद्धा विसावा नाही, आणि आवाजही नाही.

“याच हबवर फिक्सची चक्री नाही का आवळता येणार?” मी विचारलं. निदान एवढं तरी बाबांच्या हातचं राहावं, असं वाटत होतं.

“येईल की. आणि थांबायला पाय मागे रेटलेस की चक्री सुटून येईल, भर रस्त्यात. हे बघ.” त्यांनी कपाटातून एक नवं हब काढून माझ्या तळहातावर ठेवलं. थंड होतं, आणि दिसण्यापेक्षा जड. “याला दोन आटे आहेत. चक्रीचा सुलटा, तिच्या वरच्या रिंगचा उलटा. चक्री सुटायला निघाली की रिंग उलट आणखी आवळते. दोघांची तोंडं दोन दिशांना, म्हणून संसार टिकतो.” स्वतःच्या विनोदाला त्या हसल्या.

“रिम राहील ना?”

“रिम राहील. तारा नाही. या हबच्या कडा मोठ्या आहेत, जुन्या तारा लांब पडतील. आस जरा आखूड आहे, त्याला दोन्हीकडून वॉशर घालीन म्हणजे चेन सरळ रेषेत येईल. पुढचा ब्रेक मात्र मी काढणार नाही, कितीही भांडलीस तरी.”

“नका काढू.”

“आणि माझं ऐकशील तर हे हब नको, दुतर्फा घे. एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला तुमचं हे जुनं फ्रीव्हील बसवते. मन बदललं तर चाक उलटं करून लावायचं, झालं.”

“मन बदलणार नाही.”

“लग्नाच्या दिवशी मीपण अशीच बोलत होते, पोरी.”

“एकतर्फीच द्या.”

त्यांनी जुन्या तारा पकडीने कापल्या. एकेक तार तुटताना टणकन वाजली. फ्रीव्हील त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. “फेकू नकोस,” एवढंच म्हणाल्या.

घरी येताना पाय थांबवायला गेले आणि पेडलने मला सीटवरून उचललंच. उतारावर गुडघे मोटार लावल्यासारखे फिरत होते. खिडकीखाली पोचले तेव्हा कानात फक्त माझा श्वास होता.

आई खिडकीत बसली होती. ओट्यावर कप नव्हते. जमलं, असं मला वाटलं.

“तू कधी आलीस?” ती म्हणाली. “हे अजून आले नाहीत गं.”

“आई, बाबा आता...”

“येतील. आवाज येईल ना.”

मी सांगितलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी अशुभ बोलले होते. आवाज आलाच नव्हता, मग माझं तिने का खरं मानावं? ताट वाढलं तर तिने झाकून ठेवलं. “हे आले की बसू सगळे.” ती खिडकीतून हलली नाही, जेवली नाही, बसल्या जागी मान टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दुपारी तिच्याजवळ बसणाऱ्या काकू मला दारातच म्हणाल्या, “आधी रडायची तरी. रडून जेवायची. आता नुसतं आपलं ‘येतील’. तुला कुणी सांगितला होता गं हा उपद्व्याप?”

मी मावशींकडे गेले. “मी सांगितलं होतं,” असं त्यांनी म्हटलं नाही.

“दुतर्फा हब मागवायला लागेल,” म्हणाल्या. “चाक पुन्हा विणायचं. थोडे दिवस जातील.”

थोडे दिवस आईकडे होते का, हे त्यांना काय विचारायचं?

त्या संध्याकाळी सायकल खिडकीखाली टेकवली, आईला दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून बसले आणि पिशवीतून फ्रीव्हील काढलं. कागदाला ग्रीसचे डाग पडले होते. ते एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने दाते फिरवले. आधी भरभर. टिक टिक टिक टिक.

आत खुर्ची सरकली.

“आले वाटतं हे,” आई म्हणाली. तिचा तो स्वर मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. नळ सुटला, भांडं शेगडीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग कपाट उघडलं. एक कप. दुसरा कप.

आता आवाज सावकाश व्हायला हवा होता. मग थांबायला हवा होता. मग मी दार उघडून आत जाणार, आणि तिला सांगणार, आणि ती रडणार, आणि जेवणार. उद्या पुन्हा.

“या ना आत,” आई आतून म्हणाली. “चहा झाला.”

माझं बोट दात्यांनी सोलवटलं होतं. मी फ्रीव्हील फिरवत राहिले.