सडल्या की सुटल्या

"सदर लाकडी कुंपण नैसर्गिक ऱ्हासामुळे समूळ सडले असून त्याची दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. सबब, ते काढून त्या जागी विटांची भिंत बांधण्यात येईल."

रहिवासी समितीच्या सचिवांची ही सूचना मंगळवारी सकाळी आमच्या परसातल्या कुंपणावर ठोकलेली आढळली. 'ठोकलेली' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. कागदाच्या चारही कोपऱ्यांत खिळे होते, आणि त्यांतला एक उपटून काढताना माझे नख मुळापासून गेले. जे लाकूड कालचा खिळा इतक्या निष्ठेने धरून ठेवते ते समूळ सडलेले आहे, असे त्याच लाकडावर लिहून लावायला एक विशेष प्रकारची निरागसता लागते. 'समूळ' म्हणायचे तर मुळाशी कोणीतरी उकरून पाहायला हवे होते. खांबांच्या बुडाशी माती घट्ट होती आणि तिच्यावरचे गवतसुद्धा दुखावलेले नव्हते. राहता राहिली 'तांत्रिक दृष्टी'. ती दूरची गोष्ट. साधी दृष्टीही या कुंपणावर पडल्याचा पुरावा मला सापडला नाही.

नुकसान झाले होते, हे खरे. मधल्या दोन फळ्या वरच्या एकेका स्क्रूवर लोंबकळत होत्या आणि वारा आला की आपटत होत्या. आपटून आपटून एकीची कड उडाली होती. दोन फळ्यांपायी भिंत. हाच न्याय लावला तर सचिवांच्या शर्टाचे बटण तुटल्यावर त्यांनी चिलखत शिवायला टाकले पाहिजे.

भिंतीची मला एवढी चीड येण्याचे कारण आत्या. माझी आत्या आणि पलीकडच्या घरातल्या माई, म्हणजे खुद्द सचिवांच्या मातोश्री, या दोघी कित्येक वर्षे कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बुद्धिबळ खेळतात. प्रत्येकीचा पट वेगळा. चाल मोठ्याने सांगायची आणि समोरचीने ती आपल्या पटावर मांडायची. माईंना पुढच्या दाराच्या पायऱ्या उतरवत नाहीत, आत्याला त्या चढवत नाहीत. दोघींच्या गुडघ्यांनी परस्पर केलेला हा करार. विटांच्या भिंतीतून माईंचा बारीक आवाज येणे शक्य नव्हते. भिंत उभी राहिली की खेळ संपला. गेल्या काही दिवसांत हा आरडाओरडा बराच कमी झाला होता. माझ्या लेखनाचा मान राखला जात असावा, असा मी समज करून घेतला.

"उद्या विटा येणार म्हणे," मी आत्याला म्हटले.

"येऊ देत की. तू आहेस ना भांडायला," ती पटावरून नजर न काढता म्हणाली. "एवढं वाचलंयस, ते कधी उपयोगी पडायचं?"

मी ते आव्हान समजले आणि संध्याकाळी समितीला कुंपणापाशी बोलावले.

आमच्या बाजूला समितीचे अध्यक्ष आले. ते निवृत्त दंतवैद्य आहेत आणि अर्ध्या गल्लीच्या तोंडात त्यांचे हस्तकौशल्य अजून नांदते आहे. पलीकडे सचिव उभे राहिले. दोघी खेळाडू आपापल्या खुर्च्यांवर होत्या, कारण डाव अर्ध्यावर होता आणि समितीसाठी तो थांबवावा असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटले नाही.

"डॉक्टर, जरा तपासा," मी म्हटले.

अध्यक्षांनी खिशातून बारीक टोकाची सळई काढली. निवृत्तीनंतरही ती त्यांच्या खिशात का असते, हे विचारण्याची ही वेळ नव्हती. प्रत्येक खांबात, प्रत्येक फळीत त्यांनी ती टोचून पाहिली. सळई एका ठिकाणी जरी आत गेली असती तरी भिंत पक्की होती.

सळई कुठेच गेली नाही.

"कीड नाही," अध्यक्ष म्हणाले. "मूळ घट्ट आहे. हलतायत फक्त या दोन. हलतो म्हणून दात काढायचा असता, तर मी पहिल्याच वर्षी गल्ली बोळकी केली असती. कोण म्हणालं सडलं?"

"आईच म्हणाली," सचिव म्हणाले. "मी दाढी करत होतो. ओरडून विचारलं, आई, कुंपणाच्या फळ्यांना काय झालं? ती म्हणाली, सडल्यात."

"मी कशाला सडल्यात म्हणेन?" माई पलीकडून म्हणाल्या. "सुटल्यात म्हणाले मी. सु-ट-ल्या-त."

अध्यक्षांनी सळई पुसत विचारले, "माई, तेव्हा कवळी लावली होती का?"

"सकाळी सकाळी कुठली कवळी? पेल्यात होती."

तर हा होता तांत्रिक आधार. एक कवळी पेल्यात, एक कान साबणाच्या फेसात, आणि त्या दोहोंच्या मधून निसटलेल्या एका ओष्ठ्य स्वरावर विटांचा ट्रक निघाला होता. शब्दांचे अपभ्रंश अभ्यासण्यात माझी हयात गेली. पण एखादा अपभ्रंश सिमेंटसह घरपोच येताना मी प्रथमच पाहत होते.

इथे मी थांबले असते तर जिंकले होते. पण विजयाने माणसाला तहान लागते.

"सुटल्या नाहीत," मी म्हटले. "सोडवल्या आहेत. खालचे स्क्रू गंजून गळलेले नाहीत. ते कोणीतरी फिरवून काढलेत. छिद्रांच्या कडा बघा, कशा स्वच्छ आहेत. हा ऱ्हास नव्हे, हे कृत्य आहे. आणि ते कोणी केलं हे शोधायचं, तर भिंत कोणाला हवी होती एवढंच विचारावं लागेल."

सचिव लाल झाले. "म्हणजे मी? मॅडम, मला घरातला बल्ब बदलता येत नाही. विचारा आईला."

"खरंय हो," माई म्हणाल्या. "त्याच्या बापालाही येत नव्हता."

"आणि कुठले स्क्रू?" सचिव कुंपणाला नाक लावून वरखाली बघत होते. "इथं मला एकही दिसत नाही."

"दिसतील कसे? सगळ्या स्क्रूंची डोकी तर आमच्या बा—"

वाक्य मी पूर्ण केले नाही. आयुष्यात प्रथमच मला एक वाक्य अपुरे बरे वाटले. अध्यक्षांनी आमच्या बाजूची चकचकीत डोकी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि मग आम्ही सगळ्यांनी आत्याकडे पाहिले.

आत्याने शांतपणे घोडा पुढे टाकला. मग मांडीवरची चष्म्याची डबी उचलून हलवली. आत चष्मा नव्हता. तो तिच्या नाकावर होता. आत खडखड वाजले.

"आत्या?"

"ओरडू नकोस, माईला शह दिलाय. तिला विचार करू दे."

माई गालातल्या गालात हसत होत्या. त्यांच्या मांडीवर पट नव्हता. पट एकच होता, आणि तो दोन लोंबत्या फळ्यांच्या मधल्या फटीत, आडव्या पट्टीवर ठेवलेला होता. संपूर्ण चौकशीभर तो आमच्या डोळ्यांसमोर होता. सळई, छिद्रे, कडा, सगळे मी पाहिले. पट तेवढा पाहिला नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "कबुली नोंदवून घ्या. शब्द न् शब्द. दुरुस्ती की नवीन, ते त्यावर ठरवू."

सचिवांच्या कानांवर विसंबण्याची सोय उरली नव्हती. म्हणून ती मीच उतरून घेतली. आत्याचे शब्द असे:

"फळ्या मी सोडवल्या. ही सारखी जिंकायला लागली, तेव्हा मला वाटलं, ही पलीकडे बसून माझी प्यादी ढापते. म्हणून रंगेहाथ पकडायला खालचे दोन स्क्रू काढले, फळ्या बाजूला सारल्या आणि डोकावले. पट जसाच्या तसा होता. ही खरंच माझ्यापेक्षा चांगली खेळते. मला बघून म्हणाली, आलीच आहेस तर पट इकडे ठेव, ओरडून घसा बसलाय माझा. त्यानंतर स्क्रू परत लावावेसे वाटले नाहीत. दुरुस्त करा, माझी ना नाही, पण स्क्रूने आवळू नका, बिजागऱ्या लावा. आणि आता उजेडातून बाजूला व्हा सगळे, हिने राजा हलवलाय."