वांगी रंगाचं प्रमाण

उमरेडची गाडी सकाळी दहा चाळीसला लागते. जुन्या स्टेशनाचा दगड धुऊन काढला, लाकडी छताला पॉलिश झालं, आणि त्याला लागून आमची बारा मजली इमारत उभी राहिली. खाली दुकानं, वर घरं. माझी मुलगी नूपुर म्हणत होती, मनीषनगरला घे, शांतता असेल. मी तिला मेट्रो जवळ असल्याचं कारण दिलं. खरं कारण एकच होतं. श्रावणजी कधी नागपूरला आले तर या गाडीने येतील, आणि मला त्यांना एकदा पाहायचं होतं.

मी विणकरांच्या केंद्रात रंगांची प्रयोगशाळा सांभाळायची. ते उमरेडचे विणकर, कोसा रेशमाच्या, करवतीच्या दातांसारखा काठ असलेल्या करवतकाठी साड्या विणणारे. अठरा वर्षं महिन्यातून दोनदा ते छोट्या गाडीने रेशमाच्या लडी घेऊन यायचे आणि रंग जुळतो की नाही, ते मी सांगायची. याखेरीज आमच्यात काही बोलणं झालं नाही. त्यांच्या घरी रुख्माबाई होत्या, माझ्या घरी माझे पती. पुढे छोटी लाइन रुंद करायला काही वर्षं बंद झाली, मी निवृत्त झाले, पती गेले. श्रावणजींचा फोन नंबर माझ्याकडे कधीच नव्हता.

मार्चमधल्या एका मंगळवारी ते दिसले. खांद्याला कापडी पिशवी, चाल थोडी मंदावलेली. खालच्या हातमागाच्या दुकानात शिरले. मी लिफ्टची वाट पाहिली नाही.

दुकान चालवणारी प्रणाली साडी उलगडून पाहत होती.

"मॅडम!" श्रावणजी उभे राहिले. "तुमी इथं कशा? घर तं सक्करदऱ्याले होतं तुमचं."

"आता इथेच, वर."

"गाड्यांच्या उशाशी? झोप लागते का?"

"लागते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही रंगातल्या ना? मग सांगा," प्रणाली म्हणाली. "काका म्हणून राहिले, ही वांगी आहे. काका, असं वांगं कोणत्या बाजारात भेटते?"

"तुले काय समजते, पोरी? मॅडमचं प्रमाण हाये हे." त्यांनी पाकिटातून प्लास्टिकमध्ये जपलेली चिठ्ठी काढली. अक्षर माझं होतं. तीन रंग, ग्रॅममध्ये, खाली आम्लाचं माप. "फक्त एक केलं. टोपात रंग भुरकट दिसे. म्हटलं, मॅडमचं पहिल्यांदाच चुकलं. निळा दीडपट टाकला. रुख्मा बोंबलली, निळी करून राहिले म्हणून. म्हटलं, तू मागाच्या कांड्या भर."

मी साडी दारापाशी, उन्हाच्या उजेडात नेली. वीण एकसारखी, काठाचे दात नेमके. रंग मात्र वांगी नाही, निळ्याकडे झुकलेला सरळ जांभळा.

"डोळे कसे आहेत?"

"उजव्याचा मोतीबिंदू काढला, महिना झाला. पण बिघडलाच तो डोळा. चुन्याची भिंतबी निळी दिसते. रंग मी डाव्यानंच पाहतो. डावा जुना, भरवशाचा." त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "याच्यातून तुमी तशाच दिसता. दुसऱ्यातून केस पांढरे दिसतात."

प्रणाली हसली, तेही हसले. मला हसता आलं नाही. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवून धरतं. हे मला पाठ होतं.

"पाच वांगी साड्या पाहिजेत मला, पण खऱ्या," प्रणाली म्हणाली. "तुम्ही नका येऊ. वैभवच्या हाती पाठवा, तो हिंगण्याला ड्युटीवर येतेच ना."

"हो, पोरगा आणून देईन." मग ते माझ्याकडे वळले. "डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर हाये. तोवर रंग कोण पाहीन? तुमी म्हणत असान तं लडी घेऊन येत जाईन. पहिल्यासारखा."

मी चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा वाचले. ते बरोबर होते. नुसतं हो म्हणायचं होतं.

"उजवा डोळा बिघडलेला नाही," मी म्हटलं. "खरं त्यालाच दिसतं. डावा इतकी वर्षं निळं लपवत होता."

"म्हणजे हे..."

"जांभळं आहे. प्रमाण तुमच्याकडे आहेच, ते मोडू नका. रंग चढतो टोपात, तेव्हा कुणीतरी टोपापाशी हवं. लडी इथे येईपर्यंत तो पक्का झालेला असतो. रुख्माबाईंना बरोबर दिसलं होतं. त्यांना विचारत जा."

"तिले?" त्यांनी चिठ्ठी परत पाकिटात ठेवली. "जिंदगीभर ऐकवीन ते मले."

"ऐका."

साडी परत न्यायची ठरली. एकट्याने घडी नीट बसेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. आम्ही काठाला काठ लावला, साडी ताणली, आणि घडीसाठी मी पुढे चालत गेले. माझ्या हातातली दोन टोकं त्यांच्या हातात दिली. खाली लोंबणारा मधला भाग उचलला, तोही दिला, आणि मागे झाले.